आपण ठरवावे

१२ मार्च

सहसंपादक महाशय,

स. न. वि. वि.

यातला 'स' सप्रेमाचा नाही, सवयीचा आहे. आधीच सांगून ठेवलेलं बरं, उद्या कुणी पुरावा म्हणून पुढे करायला नको. आणि हे 'तुम्ही' कुठून आलं म्हणून भुवया उंचावू नका. वकिलांनी आपल्या अर्जाचा मसुदा पाठवलाय. त्यात तुम्ही अर्जदार क्रमांक एक आणि मी अर्जदार क्रमांक दोन. नवऱ्याला 'अरे, ऐक ना' म्हणता येतं. अर्जदार क्रमांक एकला कसं म्हणायचं?

असो. कामाचं बोलू. कोशाचं शेवटचं प्रकरण टेबलावर आहे: 'कायदा, नियम आणि न्याय'. डावीकडे इंग्रजी वाक्प्रचार, उजवीकडे त्याचा मराठी जोडीदार. दुसऱ्यांच्या जोड्या जुळवण्यात आपण आयुष्य घालवलं आणि शेवटी हे प्रकरण उरावं, ह्या योगायोगावर मी हसून घेतलेलं आहे; तुम्ही वेगळे कष्ट घेऊ नका. प्रकाशकांचा फोन येऊन गेला. म्हणाले, "बाई, तुमचा कोश होईस्तोवर इंग्रजीत नवे वाक्प्रचार जन्माला आले असतील. तेही घेणार का?" मी म्हटलं, "घेणार. तुमच्यावरही एक आहे, पण तो छापण्याजोगा नाही."

कार्डं पाठवते आहे. पद्धत तीच. डावा कोपरा माझा, उजवा तुमचा, आणि दोन्ही कोपऱ्यांत 'मान्य' असल्याशिवाय नोंद कोशात जाणार नाही. एकाचं 'अमान्य' पुरेसं. हरकत छपाईपर्यंत कधीही. हा नियम तुमचाच, आणि त्याची सगळ्यात मोठी किंमतही तुम्हीच मोजलीत. पहिला खंड यंत्रावर चढला त्या दिवशी अंगात ताप असताना घरातल्या सपाता घालून छापखाना गाठला होतात, 'हात राखून' आणि 'हातचं राखून' यांची अदलाबदल झाली म्हणून. स्वतःच दिलेलं 'मान्य' मागे घ्यायला. छापखानेवाला म्हणाला, "साहेब, यंत्र गरम झालंय." तुम्ही म्हणालात, "मग काय झालं? मीही झालोय."

ह्या खेपेची कार्डं:

'थ्रो द बुक'. एका वर्तमानपत्राने मागे छापलं होतं, 'न्यायाधीशांनी आरोपीच्या अंगावर पुस्तक भिरकावले'. ते कात्रण कार्डाला टाचलंय, तेवढीच करमणूक. माझी सूचना: 'होती नव्हती ती सगळी कलमं लावणे'.

'रूल ऑफ थम्ब'. अंगठ्याचा नियम म्हणून चालायचं नाही. आपल्याकडे अंगठा एक तर निरक्षराचा असतो, नाही तर दुसऱ्याला दाखवायचा. माझी सूचना: 'ठोकताळा'. पर्याय: 'अंदाजपंचे दाहोदरसे'.

'ओपन अँड शट केस'. हा वाक्प्रचार आपल्या वकिलांच्या तोंडून आला. आपल्या दोघांचे ते एकच वकील, माहीतच आहे. मी मनातल्या मनात त्यांना 'थोडक्यात' म्हणते, कारण त्यांचं प्रत्येक लांबण 'थोडक्यात'पासून सुरू होतं. म्हणाले, "थोडक्यात मॅडम, तुमची केस ओपन अँड शट आहे. मूल नाही, भांडण नाही, वाटणी नाही, मागणी नाही." मी मान डोलावली. इतक्या 'नाही'ची बेरीज मी कधी केली नव्हती. सूचना: 'सरळसोट प्रकरण'. जमत नाहीये, मलाही कळतंय.

कळावे. (लोभाचं कलम मसुद्यात नाही, म्हणून वगळलं.)

अर्जदार क्र. २


२ एप्रिल

सहसंपादक महाशय,

कार्डं परत आली. सोबत एक ओळसुद्धा नाही. पाकिटाच्या आतूनही पाहिलं, चिकटून राहिली असेल म्हणून.

'ठोकताळा': मान्य. 'अंदाजपंचे': अमान्य, 'ठोकताळ्यामागे अनुभव असतो, अंदाजपंचेमागे काही नसतं'. बरोबर आहे. 'सरळसोट प्रकरण': अमान्य, कारण दिलेलं नाही. 'सगळी कलमं लावणे': मान्य, आणि त्या कात्रणावर पेन्सिलीने एक बारीकसं उद्गारचिन्ह. म्हणजे हसलात. ते कार्ड मी दोन वेळा टेबलावरून उचलून पुन्हा ठेवलं, एवढंच सांगते.

तुमच्या टेबलाविषयी विचारलं नाहीत, तरी सांगते. ते तिथेच आहे, माझ्या टेबलाला नाक लावून. समोर बसणारं कुणी नसलं की समोरासमोर टेबलं म्हणजे मूर्खपणा आहे. मी मान वर केली की तुमच्या खुर्चीची फाटलेली पाठ दिसते. म्हणून खुर्चीवर 'न'पासूनच्या कार्डांचा गठ्ठा रचलाय. लांबून कुणीतरी वाकून वाचत बसल्यासारखं दिसतं. वाद घालत नाही, हा त्यातला फरक.

कार्डांचं कपाट माझ्याकडे राहावं की तुमच्याकडे जावं, हे वकिलांनी विचारलं होतं. मी म्हटलं, ह्याच प्रकरणात उत्तर आहे, लिहून घ्या: 'पझेशन इज नाइन पॉइंट्स ऑफ द लॉ', म्हणजे ज्याच्या हाती ससा तो पारधी. असा चपखल जोडीदार वर्षातून एखादा सापडतो. वकील म्हणाले, "ससा कुठला, मॅडम?" त्यांच्याकडून न्यायाची अपेक्षा आहे आपली!

तुम्ही त्या परगावच्या विद्यापीठात नोकरीला गेलात तेव्हा म्हणाला होतात, "कोश पेटीत घालून नेता येतो. चल." मी म्हटलं होतं, "अमान्य." नेता येत नाही, अजूनही म्हणते. कपाट दारातून बाहेर निघत नाही. आत आणलं तेव्हा चौकट काढावी लागली होती. पण वाद घालायची तुमची रीत माहीत असल्यामुळे मला वाटलं होतं, तुम्ही दुसऱ्या दिवशी नवा खर्डा घेऊन याल. पर्याय द्याल. तुम्ही पेटी भरलीत.

अर्ज आधी कुणी काढला, यावर आपलं अजून एकमत नाही. तुम्ही फोनवर म्हणालात, "असंच चालायचं असेल तर मग रीतसर करून टाकायचं का?" मी म्हटलं, "करा." वकिलांना तुम्ही सांगितलंत, 'तिची इच्छा आहे.' मी सांगितलं, 'त्यांची इच्छा आहे.' थोडक्यातांनी दोन्ही लिहून घेतलं आणि म्हणाले, "वा! म्हणजे परस्परसंमती."

नवीन कार्डं जोडली आहेत. त्यात 'लॉ अंटू हिमसेल्फ' आहे. 'हम करे सो कायदा' मी लिहिलंय. तुम्ही 'हिंदी, अमान्य' लिहिणार, तेव्हा ते मीच आधी लिहून ठेवलंय, तुमच्या कोपऱ्यात, तुमच्या वळणाने. चुकलं असेल तर खोडा.

कळावे.

क्र. २


२१ एप्रिल

सहसंपादक महाशय,

तुमच्या धाकट्या बहिणीचा फोन आला होता. तिने तिच्याकडची हकिगत सांगितली, मी माझ्याकडची लपवली, आणि मग ती मुद्द्यावर आली.

"वहिनी, दादा नीट जेवतो का, हे तू कधीच विचारत नाहीस."

"अगं, स्वयंपाक तोच करायचा. विचारायचं तर त्याने मला विचारायला हवं."

"विचारतो की."

"काय विचारतो?"

"कार्डं पोहोचली का, म्हणून."

"ते पोस्टमनला विचारायचं."

"देवा! तुम्हां दोघांचं ना, एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं," म्हणाली आणि ठेवला तिने फोन. खरं म्हणजे आदळला.

तुमच्या कोपऱ्यातलं माझं 'अमान्य' तुम्ही खोडलंत आणि तिथे 'मान्य, सगळे म्हणतात' असं लिहिलंत. 'हम करे सो कायदा' तुम्हाला मान्य! माझ्याच चष्म्यावर माझा विश्वास बसेना. म्हणजे मी तुमच्या वतीने बोलायला लागले की तुम्ही उलटं बोलणार. हे आधी कळलं असतं तर मी तुमच्या वतीने पुष्कळ काही बोलले असते.

ह्यावरून आठवलं. पाहुणे विद्वान घरी येऊन काहीबाही सुचवायचे, तेव्हा तुम्ही गोड हसून कार्डावर 'मान्य' लिहून द्यायचात. नाही म्हणणं तुमच्या जिभेला कधी जमलंच नाही. ते फक्त माझ्याशी जमायचं. पाहुणे गेले की प्रकाशक घाबरून विचारायचे, "अहो, हे कसं चालेल?" आणि तुम्ही म्हणायचात, "काळजी नको. ती म्हणेल." तसं मी म्हणायचेच. अर्ध्या साहित्यविश्वात मी खाष्ट म्हणून प्रसिद्ध आहे, त्याचं अर्धं मानधन तुमच्याकडे येणं बाकी होतं. पण अर्जात 'कोणतीही मागणी नाही' असं लिहून बसलेय.

आज एकच कार्ड. 'सायलेन्स गिव्हज कन्सेंट'. मौन ही संमती. जोडीदार तयारच आहे, वाद नाही. फक्त आपल्या घरात तो नियम कधी लागू नव्हता. कोरा कोपरा म्हणजे होकार नव्हे, हे तुम्हीच मला शिकवलंत. तेव्हा नुसती कार्डं परत पाठवून गप्प बसणाऱ्या माणसाचा मी काय अर्थ लावायचा, ह्यासाठी एखादी टीप द्याल?

कळावे. किंवा कळवावे.

क्र. २


१५ मे

सहसंपादक महाशय,

टीप आली नाही. 'मौन ही संमती': मान्य. एवढंच. विनोदबुद्धी शाबूत आहे म्हणायची.

काल वकिलांकडे जाऊन आले. त्यांच्या जिन्यातला दिवा गेलेला आहे आणि बाहेरच्या बाकावर बसून रंग उडालेल्या खुर्च्या बघत राहण्याखेरीज उद्योग नसतो. आत बोलावलं तेव्हा टेबलावर अर्जाच्या दोन प्रती शेजारी शेजारी मांडलेल्या. एक मी तपासून पाठवलेली, एक तुम्ही. दोन्हींवर लाल शाई.

"मॅडम, थोडक्यात, हे काय आहे?"

"मुद्रितशोधन."

"सहीसाठी पाठवला होता हो अर्ज! बरं, सहा चुका तुम्ही काढल्यात, त्याच सहा साहेबांनी. खुणासुद्धा त्याच. फोनवर ठरवून केलंत का?"

"आम्हाला फोनवर काही ठरवता येत असतं, तर तुमच्याकडे कशाला आलो असतो?"

मग त्यांनी एका वाक्यावर बोट ठेवलं. 'अर्जदारांना एकमेकांसमवेत नांदणे अशक्यप्राय झाले आहे.' तिथे समासात मी लिहिलं होतं, 'अशक्य की अशक्यप्राय? एकच काय ते ठेवा.' तुमच्या प्रतीवर त्याच जागी, 'प्राय हवा की नको? नक्की करा.'

"सांगा आता," वकील म्हणाले, "कोणतं ठेवू?"

मी खिडकीबाहेर पाहिलं. समोरच्या गच्चीवर कुणीतरी चादर झटकत होतं. मी म्हटलं, "त्यांना विचारा."

"त्यांना विचारलं. ते म्हणाले, तिला विचारा."

शेवटी थोडक्यातांनी स्वतःच्या अधिकारात 'प्राय' राहू दिला. म्हणाले, "कोर्टात थोडी जागा ठेवलेली बरी असते." आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं बोलणं खरोखर थोडक्यात झालं.

तर 'द ज्युरी इज स्टिल आऊट'. शब्दशः गेलं तर 'पंच अजून बाहेरच आहेत'; वाचणाऱ्याला वाटेल, चहाला गेलेत. माझी सूचना: 'अजून तळ्यात मळ्यात'. ह्याहून नेमकं मला सुचत नाही आणि हे लिहिताना मी कुणाचाही विचार करत नव्हते.

आणि शेवटचं कार्ड. ह्यानंतर कपाटाचा तो खण संपला. 'बेनिफिट ऑफ द डाउट'. वर्तमानपत्रं सर्रास 'संशयाचा फायदा' लिहितात. मला तो नको आहे. आपल्या भाषेत संशय घरं मोडतो. संशयाचं भूत असतं, संशयाचा किडा असतो, संशयी नवरा असतो. त्याचा फायदा झालेला माणूस मी पाहिलेला नाही. दुसरं सुचलं ते 'पोटात घालणे', 'पदरात घेणे'. पण पोटात घालायचं तर आधी अपराध ठरावा लागतो. इथे अपराध ठरलेलाच नाही. नक्की काय झालं ते ठाऊक नाही, आणि ठाऊक नसताना समोरच्याविषयी बरं तेच मानून चालायचं. ह्या कृतीला आपल्याकडे शब्द नाही की काय? की आपण ती करतच नाही?

दोन पर्याय लिहिले आहेत. कोपरा कोरा ठेवलाय, दोन्हीही. पहिल्यांदाच मी माझं मत न देता कार्ड पाठवते आहे. तुम्ही आधी बोला.

कळावे.

क्र. २


६ जून

सहसंपादक महाशय,

कार्ड आलं. दोन्ही कोपरे तसेच. खाली, मधोमध, तुमच्या त्या मुंग्यांच्या रांगेसारख्या अक्षरात: 'आपण ठरवावे.'

'तळ्यात मळ्यात': मान्य. त्यावर टीप नाही.

तर मी ठरवायचं. ठीक आहे. मी 'तुम्ही' म्हटलं, तर तुम्ही 'आपण'वर गेलात. एक पायरी मी वर चढले की दोन तुम्ही. असंच चालू राहिलं तर पुढच्या कार्डावर मला महोदया म्हणाल आणि त्यापुढच्या कार्डावर हार घालाल. मी रागावलेली नाही. एवढंच की इतकी वर्षं प्रत्येक स्वल्पविरामासाठी भांडणारा माणूस शेवटची नोंद दुसऱ्याच्या अंगावर टाकून मोकळा होतो, तेव्हा त्याचा त्या पुस्तकातला जीव गेला, असं समजायचं असतं. पुस्तकातला म्हणतेय.

दुपारी कार्ड टेबलावर ठेवून बसले होते. खिडकी उघडी होती, तुमच्या खुर्चीवरचा गठ्ठा वाऱ्याने घसरला आणि 'न'पासूनची कार्डं खोलीभर झाली. गोळा करायला गुडघ्यांवर बसले, तर तुमच्या टेबलाखाली तुमची एक सपात सापडली. एकच. छापखान्यातलीच असावी, टाचेला शाई आहे. जोडीतली दुसरी कुठे आहे कोण जाणे. मी ती तिथेच ठेवली आहे. वाटणीत नाही.

तारीख अठरा जूनची आहे, सहा महिने थांबायची अट वकिलांनी माफ करून घेतली आहे, तुम्हालाही कळवलं असेल. न्यायाधीश फक्त एकेक करून विचारतात, अर्ज मान्य आहे का. आधी क्रमांक एक, मग क्रमांक दोन. उत्तर एका शब्दात द्यायचं. आपल्याला सवय आहे.

नोंद तोपर्यंत तशीच ठेवते.

क्र. २


१९ जून

सप्रेम नमस्कार.

अख्खा शब्द लिहिला आहे, चुकून नाही. आणि 'तू' म्हणणार आहे. एकदा निकाल लागला की अर्जदार राहत नाही म्हणतात. तर मग मला हवं ते मी म्हणेन.

काल तू तिथे होतास, म्हणजे मी काय सांगणार? पण तू समोर पाहत होतास, त्यामुळे तुझ्या डाव्या हाताला काय चाललं होतं ते तुला ठाऊक नाही. तेवढंच सांगते.

न्यायाधीशबाईंना सर्दी झाली होती. त्या प्रत्येक प्रकरणाआधी नाक पुसत होत्या, आणि मला उगाच वाटलं, सगळ्यांसाठी रडून झालंय त्यांचं. आपल्या आधीचं जोडपं खुर्च्यांच्या वाटणीवरून भांडलं. मला त्यांचा हेवा वाटला. मग आपला पुकारा झाला. तुझ्या सदऱ्याचं वरचं बटण वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने लावलेलं होतं. स्वतः लावलेलं. ते बघता बघता माझा बाईंच्या प्रश्नाचा पहिला अर्धा भाग ऐकायचा राहिला.

"अर्जदार क्रमांक एक, आपल्याला अर्ज मान्य आहे?"

तू म्हणालास, "मान्य."

लगेच. एकही पर्याय न सुचवता. माझा पहिला खर्डा तू आजवर कधी तसाच ठेवला नाहीस. लग्नाच्या निमंत्रणपत्रिकेतही तू माझ्या मजकुरात चार दुरुस्त्या केल्या होत्यास. आणि ह्या खर्ड्यात, त्या भिकार मराठीतल्या खर्ड्यात, तुला खोडण्यासारखं काही सापडलं नाही.

"अर्जदार क्रमांक दोन?"

माझ्या जिभेवर दुसरा शब्द होता. खरं सांगते, घरून निघताना तोच घेऊन निघाले होते. पण माणूस जन्मात पहिल्यांदा काही वादाशिवाय मान्य करतो आहे, आणि आपण त्यालाही खोडून काढायचं? म्हटलं, एकदा तरी ह्याच्या शब्दाला शब्द देऊ. मीही म्हणाले, "मान्य."

तू चष्मा काढलास आणि पुसायला लागलास. स्वच्छ होता, मला दिसत होता. तू असा चष्मा पुसतोस तो तुझी आवडती नोंद मी बाद केली की. मी मनात म्हटलं, बाई, आज तर तू काही बाद केलेलं नाहीस. ह्याला काय झालं?

बाहेर आल्यावर तू म्हणालास, "गाडीची वेळ झाली." मी म्हटलं, "हो, निघा." बस्स. इतक्या वर्षांच्या कोशकारांना निरोपाला एवढीच शब्दसंपत्ती पुरली.

मी आदेशाच्या प्रतीची चौकशी करायला थांबले होते. आपले 'थोडक्यात' वकील माझ्यासाठी कागदी पेल्यात चहा घेऊन आले. बाकावर बसले, आणि म्हणाले, "मॅडम, एक गंमत सांगू? थोडक्यात, साहेब सकाळीच येऊन बसले होते, दारं उघडायच्या आधी. मला म्हणाले, दोघांतल्या एकानेच नाही म्हटलं तर काय होतं? मी म्हटलं, साहेब, परस्परसंमती आहे ही. एकाने नाही म्हटलं की खेळ खलास, दुसऱ्याने किती का हो म्हणेना. तर हसले. म्हणाले, मग ठीक आहे. ती म्हणेल."

"काय म्हणेल?"

"तेवढंच म्हणाले. 'ती म्हणेल.' मला वाटलं, तुम्ही हो म्हणाल, असं म्हणतायत. म्हणालातच की तुम्ही!" आणि ते समाधानाने चहा प्यायले.

त्या बिचाऱ्यांना काय ठाऊक, आपल्या घरात 'ती म्हणेल'चा अर्थ काय होतो.

माझ्या हातातला चहा तसाच राहिला. झाडणारी बाई येऊन म्हणाली, "पाय वर घ्या." मी घेतले. ती गेल्यावर ठेवायचे राहिले.

मूर्खा, ज्याला 'नाही' म्हणावं लागेल असा पाहुणा मी तुझ्याकडे कधी आणला नव्हता. हा अर्जाचा पाहुणा तुझा तू आणलास, आणि त्याला घालवायचं काम नेहमीसारखं माझ्यावर टाकून हसत उभा राहिलास! आणि मी? तू खोडशील म्हणून थांबले. दोघांनीही आपापलं 'अमान्य' दुसऱ्याच्या खिशात ठेवलं होतं. अशी चूक करायला दोन संपादकच लागतात.

घरी येऊन ते कार्ड काढलं. 'आपण ठरवावे.' कोश लिहिणारी बाई मी. 'आपण' ह्या शब्दापुढे आपणच दोन अर्थ छापलेत पहिल्या खंडाच्या मराठी शब्दसूचीत: एक, समोरच्यासाठी आदरार्थी, दोन, मी आणि तू मिळून. पहिला अर्थ वाचला आणि दुसऱ्यापर्यंत मी गेलेच नाही. मी 'तुम्ही तुम्ही' करून ठेवल्यावर तुझ्या 'आपण'चा दुसरा अर्थ मला दिसणार तरी कुठून?

तुला विचारता येईल, कोणत्या अर्थाने लिहिलंस म्हणून. पण विचारणार नाही. तू म्हणशील, अर्थातच पहिल्या. आणि माझ्या हातात काही राहायचं नाही. नक्की ठाऊक नसताना बरं तेच मानून चालायचं, ह्या कृतीला आपल्याकडे शब्द नाही असं मी लिहिलं होतं. शब्द नसेना का. मी करून बघते आहे.

आता नीट वाच. आज सकाळी वकिलांना फोन केला. बाई सर्दीमुळे रजेवर गेल्या. तोंडी झालं असलं तरी आदेशावर सही सोमवारी होणार आहे. "तोवर काय आहे मग?" मी विचारलं. "तोवर," ते म्हणाले, "थोडक्यात, तो नुसता खर्डाच आहे. पण खोडायचा असेल तर सहीआधी दोघांनी येऊन सांगायला हवं हं. दोघांनी."

म्हणजे यंत्र गरम झालंय, पण कागद अजून आत गेलेला नाही.

हरकत छपाईपर्यंत कधीही, हा नियम आपला. दिलेलं 'मान्य' मागे घेता येतं, हा दाखला तुझा. सोमवारी दारं उघडायच्या आधी मी त्या बाकावर बसलेली असेन, खिडकीकडच्या टोकाला. तू आला नाहीस तर वकिलांना म्हणेन की पेन्सिल विसरले होते, ती न्यायला आले. त्यांना पटेल.

शेवटच्या नोंदीचं कार्ड माझ्याकडेच ठेवलंय, ते दोघांनी मिळून करायचं आहे. सोबत दुसरं एक कार्ड आहे. डावीकडे इंग्रजी काही नाही. मधोमध वकिलांचं ते वाक्य आहे, 'प्राय'सकट. माझ्या कोपऱ्यात मी लिहिलंय: अमान्य.

तुझा कोपरा कोरा आहे.